किक मारण्याआधी

बाबा गेल्यापासून त्यांची येझदी सहा वर्षं उभीच होती. आईने भंगारवाल्याला रविवारी बोलावलं, तेव्हा मी पाने हातात घेतले.

वीसेक किका मारून प्लग काढला, तर कोरडा. म्हणजे पेट्रोलच पोचत नव्हतं. कार्बोरेटरकडची नळी सोडून कॉक उघडला. धार आली आणि आटली. टाकीचं झाकण उघडताच पुन्हा सुरू! झाकणातलं हवेचं भोक बुजलं होतं. ते मोकळं केलं, तरी प्लग कोरडाच. कार्बोरेटरच्या जेटमध्ये जुन्या पेट्रोलचा चिकटा होता. तार घातली तर भोक मोठं होतं, म्हणून हवेच्या दाबाने साफ केला.

ताजं पेट्रोल, त्यात टूटी ऑइल. चौथ्या किकला धूर निघाला. भंगारवाल्याला आईनेच परत पाठवलं.

तुमच्या घरी अशी गाडी असेल, तर आधी जुनं पेट्रोल काढा. अडलंच तर मला फोन करा.