वाटाड्या



जुन्नर-आंबेगावच्या पदभ्रमंतीवर बोलावे अशी आज्ञा झाली, तेव्हा किल्ल्यांची वर्णने ऐकावयास मिळतील अशी आपली अपेक्षा असणार. पण शिवनेरी, चावंड, जीवधन ही नावे येथली शाळकरी मुलेही जाणतात. आम्ही बोलणार आहोत ते तेथवर नेणाऱ्या माणसाबद्दल. आपल्या भाषेत त्याला फार चांगला शब्द आहे : वाटाड्या.

डोंगरात वाटा दोन तऱ्हेच्या. एक माणसांची, दुसरी ढोरांची. पावसाळ्यात भीमाशंकरच्या माथ्यावर धुके उतरले, की दोन्ही सारख्याच दिसतात. ढोरवाट चांगली रुळलेली असते आणि चरणीच्या रानात जाऊन विरून जाते. आहुप्याच्या कड्यावरून खालचे कोकण दिसते ते मोठे देखणे खरे. पण धुक्यात तो कडा चार पावलांवर येईतो कळत नाही. आमचे तरुण मित्र विचारतात, खिशातल्या फोनवर नकाशा असताना वाटाड्याला पैसे कशाला? नकाशा रेघ दाखवितो. कालच्या पावसाने ओढा चढला आहे काय, हे त्याला ठाऊक नसते.

भीमाशंकरचे रान 1985 साली अभयारण्य झाले, ते शेकरूच्या नावाने ओळखले जाते. हा प्राणी होता होईतो जमिनीवर उतरत नाही; एका झाडाच्या फांदीवरून दुसऱ्या झाडावर जातो. म्हणून जेथे झाडोऱ्याची सलगता तुटते, तेथे त्याची वाटच तुटते. शहरची मंडळी त्याला शोधण्यासाठी गलका करतात. वाटाड्या खाली पडलेली कुरतडलेली फळे पाहतो आणि मान वर करतो.

हा वाटाड्या बहुधा महादेव कोळी समाजाचा. पावसाळ्यात त्याची भातलावणी असते. आपण या मंडपात बसलो आहोत त्याच दिवसांत त्याच्या घरची माणसे बाळहिरडा गोळा करीत असतात. वर्षाच्या रोख पैशाचा मोठा आधार तोच. 2020 च्या जूनमध्ये निसर्ग चक्रीवादळाने हिरड्याची झाडे पाडली. हिरड्याचे नवे झाड फळास येण्यास वर्षे लागतात; तोवर घर कशावर चालावे? अशा घरी वाट दाखविण्याची मजुरी ही बक्षिसी नव्हे, मिळकत आहे. आणि पुण्यामुंबईची मंडळी आपलाच म्होरक्या घेऊन येतात, गावाकडे उरते ते पिठलेभाकरीचे काम, हे आम्हांस मुळीच रुचत नाही.

नाणेघाटात सातवाहनांचा ब्राह्मी शिलालेख आहे. माथ्यावर दगडी रांजण आहे; व्यापाऱ्यांची जकात त्यात पडे असे सांगतात. म्हणजे या वाटेने फुकट जाण्याची रीत तेव्हाही नव्हती!

तेव्हा जाणाऱ्यांनी आदल्या दिवशीच गावात पोहोचावे, मजुरी आधी बोलावी आणि उतरल्यावर घासाघीस करू नये. काजव्यांच्या दिवसांत बॅटरी विझवून चालावे. तो ‘आज नको’ म्हणाला, तर त्या दिवशी डोंगर चढू नये, आणि त्याची त्या दिवसाची मजुरी मात्र द्यावी.