अंतर कोणी ठरवलं?

(कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषणाचं शब्दांकन)



मुलींच्या हाती सायकल यावी म्हणून आपण धडपडतो. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या कितीतरी मुलींना ती मिळालीही. पण ही सायकल शाळेपुरती. मुलीनं वेगानं सायकल मारावी, शर्यत जिंकावी, हे आपल्याही मनात चटकन येत नाही. महिला मेळाव्यात आपण ठेवतो ती ‘स्लो सायकल’! जी सर्वांत शेवटी पोचेल तिला पहिलं बक्षीस. म्हणून आज सायकल-शर्यतींचे प्रकार समजून घेऊ आणि त्यात बाईला जागा कधी मिळाली, हेही पाहू.

पहिला प्रकार रस्त्यावरचा. एक दिवसाच्या शर्यतीत सगळ्याजणी एकदम सुटतात, आधी पोचेल ती जिंकते. इथं नुसता दम पुरत नाही. पुढच्या सायकलच्या आडोशानं गेलं की वारा कमी लागतो, ताकद वाचते. म्हणून संघातल्या काहीजणी आळीपाळीनं वारा अंगावर घेतात आणि एकीला शेवटच्या धावेसाठी ताजी ठेवतात. जिंकते एक, राबतात सगळ्या. टप्प्यांची शर्यत अनेक दिवस चालते; रोजच्या वेळांची बेरीज जिची सर्वांत कमी, ती विजेती. टाइम ट्रायलमध्ये मात्र एकेकटीनं सुटायचं, कोणाचा आडोसा घ्यायचा नाही, लढत घड्याळाशी.

दुसरा प्रकार ट्रॅकचा. वळणांवर उंच चढत गेलेला, बहुधा २५० मीटरचा लंबगोल मार्ग. या सायकलला ब्रेक नसतात. चाक फिरतंय तोवर पायही फिरतातच. स्प्रिंट ही दोघींची थोडक्या अंतराची झुंज, तर परस्यूटमध्ये दोन संघ समोरासमोरच्या बाजूंनी सुटून एकमेकांचा पाठलाग करतात. महाराष्ट्राची मयुरी लुटे २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत ट्रॅकवरच उतरली होती.

तिसरा, माउंटन बाइक: दगडधोंडे, चढउतार, चिखल. चौथा, बीएमएक्स: छोट्या सायकली, मातीचे उंचवटे, आठजणींची मिनिटभराच्या आत संपणारी शर्यत.

आता तारखा पाहा. ऑलिम्पिकमध्ये पुरुषांची सायकल-शर्यत १८९६ पासून आहे. बायकांना प्रवेश मिळाला १९८४ मध्ये, म्हणजे ८८ वर्षांनी. ‘टूर द फ्रान्स’ १९०३ पासूनची. तिच्या जोडीनं बायकांची शर्यत १९८४ ते १९८९ झाली, मग खंड पडला. २०२२ मध्ये ती नव्यानं सुरू झाली तेव्हा पुरुषांना २१ टप्पे होते, बायकांना ८. ‘पॅरिस-रूबे’ची पहिली शर्यत १८९६ ची, बायकांसाठीची पहिली २०२१ ची.

बायकांना झेपत नव्हतं म्हणून हे झालं का? इटलीच्या अल्फॉन्सिना स्ट्राडानं १९२४ मध्येच पुरुषांच्या ‘जिरो द’इटालिया’त भाग घेतला. वेळेच्या मर्यादेत न बसल्यामुळे ती अधिकृत यादीतून बाद झाली, तरी शेवटच्या मुक्कामापर्यंत सायकल चालवत गेली.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. माउंटन बाइक १९९६ मध्ये ऑलिम्पिकमध्ये आली, बीएमएक्स २००८ मध्ये. दोन्हींत पहिल्याच वर्षी बायका होत्या. म्हणजे अडसर शरीराचा नव्हता, नियम कोणत्या काळात आणि कोणी केले याचा होता. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये टाइम ट्रायलचं अंतर दोघांनाही सारखं, ३२.४ किलोमीटर होतं. पण मुख्य रस्ता-शर्यत पुरुषांना २७३ किलोमीटर आणि बायकांना १५८! घड्याळाशी लढताना जी बरोबरीची, ती घोळक्यात शिरली की कमकुवत कशी होते?

तेव्हा आपल्या तालुक्यात सायकल-शर्यत जाहीर झाली की आयोजकांना जाऊन विचारू या: मुलींचा गट आहे का? त्यांचं अंतर कोणी ठरवलं? बक्षिसाची रक्कम सारखी आहे का? मार्गावर स्वच्छतागृहाची आणि कपडे बदलण्याची सोय आहे का? विचारायला दोघी-तिघींनी मिळून जाऊ, आणि सोबत गटातल्या मुलींनाही नेऊ. आपल्यासाठीचे नियम बदलायला सांगता येतात, हे त्यांनी डोळ्यांनी पाहायला हवं.