बंदीनंतरचा आखाडा

२०११ पासून ओळीने तीन वर्षे महाराष्ट्र केसरीचा मान मिळविणारा मल्ल नरसिंग यादव २०१६ साली रिओ ऑलिंपिकच्या उंबरठ्यावर उभा असतानाच त्याच्या तपासणीत मेथँडिएनोन हे निषिद्ध औषध आढळले. कोणीतरी वैरभावाने ते आपल्या खाण्यापिण्यात मिसळले, हे त्याचे म्हणणे देशातील मंडळाने मान्य केले. आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादाने केले नाही. १८ ऑगस्ट रोजी चार वर्षांची बंदी आली आणि ७४ किलो गटातील भारताची जागा रिकामीच राहिली. त्याच जागेसाठी सुशील कुमारने न्यायालयापर्यंत धाव घेतली होती!

२०२० मध्ये मुदत संपली व डिसेंबरात तो बेलग्रेडच्या आखाड्यात उतरला. हे योग्यच झाले. मल्लाच्या उमेदीची वर्षे ती किती! त्यांतील चार गेल्यावर त्याच्यापासून आणखी काय घ्यावयाचे? मुदतीपूर्वीच सवलत हवी असेल, तर मात्र औषध पुरविणाऱ्याचे नाव उघड करावे. जागतिक नियमांत तशी सोय आहेच. बुलढाणा जिल्ह्यातील एखाद्या तालमीत जोर काढणाऱ्या पोराला असली गोळी आपण होऊन सुचत नाही. ती कोणीतरी त्याच्या हातावर ठेवतो, आणि तो देणारा बहुधा कोणत्याच तपासणीस उभा राहत नाही.