सक्तीचा भार कोणावर?

रुग्णाला निर्धोक शुश्रूषेचा हक्क आहे. म्हणून कोविडची लस टोचून घेणे हे आरोग्यसेवकांचे कर्तव्य होते. वाद आहे तो सक्तीचा. इंग्लंडमध्ये ११ नोव्हेंबर २०२१ पासून शुश्रूषागृहांत लस न घेतलेल्यांना कामास मज्जाव झाला. अल्प वेतनावर राबणाऱ्या अनेकांची भाकरी गेली. सरकारी रुग्णालयांत हीच सक्ती १ एप्रिल २०२२ ला यायची होती. मनुष्यबळ तुटेल, असा इशारा कामगार संघटनांनी दिला होता. त्या लसीच्या बाजूच्या, पण सक्तीच्या विरोधी होत्या. ओमायक्रॉन सौम्य असल्याचे कारण सांगून सरकारने १५ मार्चला दोन्ही नियम रद्द केले. रुग्णालये वाचली, शुश्रूषागृहांतील गरिबांनी मात्र किंमत आधीच मोजली होती. ज्यांच्या हाती रुग्ण सोपवायचा, त्यांना प्रथम विश्वासात घेणे हे लोकशाहीचे किमान कर्तव्य होय.