तीस तासांचा वर्ग
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



मघाशी ओळख करून देताना सांगितलं गेलं, की ‘आपली कॉम्प्युटरवाली आता कायदा शिकवते.’ थोडी दुरुस्ती करते. मी अजून सॉफ्टवेअरमध्येच आहे. एका अभियांत्रिकी महाविद्यालयात ‘कायदा आणि मानव्यविद्या’ हा ऐच्छिक विषय सुरू झाला आहे. तो एक वकीलबाई आणि इतिहासाचे एक प्राध्यापक शिकवतात. माझ्याकडे असते ती व्यवस्था : वेळापत्रक, खोली, झेरॉक्स, कोर्टाची भेट. दोन क्रेडिटचा विषय, म्हणजे एकूण तीस तास.

हे काम मी का घेतलं? शाळेत असताना आमच्या जमिनीचा दावा चालू होता. सुट्टीत मी वडिलांबरोबर तालुक्याच्या कोर्टात जायचे. सकाळपासून बाकावर बसायचं, दुपारी पुकारा व्हायचा, दोन मिनिटांत पुढची तारीख. आत काय झालं ते वडिलांना कळायचं नाही, आणि विचारायचा संकोच वाटायचा. आज माझ्या टीममधली मुलं कर्जाचे अर्ज मंजूर-नामंजूर करणारे प्रोग्रॅम लिहितात. ज्याचा अर्ज फेटाळला त्याला कारण समजलं पाहिजे, हे त्यांना सुचत नाही. म्हणून हो म्हटलं.

पहिल्या वर्षी मी सगळं चुकवलं. वर्ग शनिवारी सकाळी आठला ठेवला आणि चाळीस-चाळीस पानांचे इंग्रजी निकाल ईमेलने पाठवले. तिसऱ्या आठवड्यात निम्मी बाकं रिकामी. एसटीने येणारा एक मुलगा म्हणाला, “मॅडम, विषय आवडतो, पण आमची पहिली गाडी साडेआठला पोचते. आणि निकाल पूर्ण वाचूनही शेवटी कोण जिंकलं तेच कळत नाही.” मला बाकावरचे वडील आठवले. त्यांना बाहेर ठेवणारी व्यवस्था मीच पुन्हा उभी केली होती.

दुसऱ्या वर्षी वर्ग दुपारी दोनला नेला. आठवड्याला जास्तीत जास्त आठ पानं, सोबत मराठी सारांश. आणि आपल्या मराठीच्या बाई घ्यायच्या तसं वर्गात मोठ्याने वाचन.

सुरुवात रुखमाबाईंच्या खटल्याने केली. लहानपणी लग्न झालेल्या रुखमाबाईंनी नांदायला जायचं नाकारलं, म्हणून दादाजी भिकाजींनी १८८४ मध्ये दावा लावला. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी तो फेटाळला. अपिलात प्रकरण परत आलं आणि १८८७ मध्ये हुकूम झाला : नवऱ्याकडे जा, नाहीतर तुरुंगात. त्यांनी तुरुंगाची तयारी दाखवली. १८८८ मध्ये तडजोड झाली. पुढे त्या लंडनला शिकून डॉक्टर झाल्या. निकालाशेजारी त्यांनी टोपणनावाने वर्तमानपत्राला लिहिलेली पत्रं ठेवली, तेव्हा वर्गात खरी चर्चा झाली. निकालात त्या ‘प्रतिवादी’ असतात; पत्रांत त्या स्वतः बोलतात.

मग कोर्टाची भेट. ती कामकाजाच्या दिवशीच ठेवावी लागते, म्हणून प्रॅक्टिकलची बॅच बदलून घेतली. आधी पत्र दिलं, दहा-दहाचे गट केले, मोबाईल बंद. बाहेर लागलेला बोर्ड वाचायला शिकवलं. प्रत्येकाने एक प्रकरण निवडून, त्यात नेमकं काय झालं ते पक्षकाराला समजेल अशा मराठीत एका पानात लिहायचं. लेखी परीक्षेऐवजी गुण त्या पानाला.

एसटीवाल्या मुलाने पुन्हा नाव घातलं होतं. त्याने जमिनीचाच एक दावा निवडला. त्याचं पान मी घरी नेऊन वडिलांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, “एवढं सोपं होतं, तर तेव्हा कुणी सांगितलं का नाही?” माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आपल्या बॅचमध्ये वकील झालेले बरेच जण आहेत. वर्षातली एक शनिवार दुपार मला द्या. मानधन नाही, पण चहा चांगला मिळतो. जेवणाआधी मला भेटा. तारीख मात्र आजच घेणार, ‘पुढची तारीख’ चालणार नाही!