भांगेचे पान आणि कायद्याची व्याख्या



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ हे व्याख्यान होत आहे, ते या शाळेत मराठी आणि नागरिकशास्त्र असे दोन्ही विषय शिकवीत. कायदा हाती घेतला की आधी व्याख्येचे कलम वाचावे, असे ते आम्हांस नेहमी सांगत. त्या वयात ते उमजले नाही. पुढे आयुष्यभर मराठीचे अध्यापन केले, शब्दार्थांवरच पोट भरले, आणि सत्तरी उलटल्यावर एका शब्दाने आमच्याच घरात घोर लावला. तो शब्द ‘भांग’. स्मृतिव्याख्यानास हा विषय शोभतो का, अशी शंका काही चेहऱ्यांवर मला दिसते आहे. परंतु ‘भांगेत तुळस’ असे म्हणणाऱ्या आपल्या भाषेने या झुडपाला कधी अगदीच घराबाहेर ठेवलेले नाही.

घडले ते असे. काही वर्षांपूर्वी होळीच्या सुमारास आमचा भाचा ग्वाल्हेरहून महाराष्ट्रात सोयऱ्यांकडे निघाला. येथील परवानाधारक दुकानातून घेतलेला भांगेचा एक पुडा त्याच्या पिशवीत होता आणि पावती खिशात. महाराष्ट्रातील एका स्थानकावर झडती झाली, आणि पुड्यात गांजा असल्याचा संशय घेऊन त्याला उतरविण्यात आले. पावती दाखविली की सुटू, अशी त्याची भाबडी समजूत! नमुना प्रयोगशाळेत गेला आणि अहवालास सात महिने लागले. या अवधीत त्याच्या सरकारी नोकरीची पोलीस पडताळणी अडकून राहिली. त्याची आई, म्हणजे माझी धाकटी बहीण, दर आठवड्याला मला एकच प्रश्न विचारी, ‘दादा, इथे दुकानात मिळते ते तिथे गुन्हा कसे?’

या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी मी मूळ कायदा वाचावयास घेतला. गुंगीकारक औषधी द्रव्ये आणि मनोव्यापारावर परिणाम करणारे पदार्थ यांसंबंधीचा केंद्रीय अधिनियम १४ नोव्हेंबर १९८५ रोजी अमलात आला. त्याच्या दुसऱ्या कलमात ‘कॅनाबिस’ची व्याख्या आहे. तीत चरस येतो, गांजा येतो, आणि त्या दोहोंची मिश्रणे व पेयेही येतात. मात्र गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे किंवा फळधारणेचे शेंडे. शेंडे सोबत नसतील तर बिया आणि पाने त्यातून वगळलेली आहेत. भांग होते ती पानांची. अर्थात निव्वळ पानांची भांग या केंद्रीय कायद्याच्या कक्षेबाहेर राहते. २०२२ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने एका जामीनप्रकरणी हाच मुद्दा ग्राह्य धरला होता.

परंतु केंद्राने हात काढून घेतला म्हणजे वस्तू मोकळी झाली, असे नव्हे. संविधानाच्या सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीत, ५१व्या नोंदीत, अफू आणि ‘इंडियन हेम्प’ यांवरील उत्पादनशुल्क राज्यांकडे दिले आहे. औषधे व विषे मात्र समवर्ती सूचीच्या १९व्या नोंदीत आहेत. मध्यप्रदेशात १९१५ च्या आबकारी कायद्याखाली भांगेची विक्री परवान्याने होत आली आहे. महाराष्ट्रात १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याखाली तीच भांग परवान्याविना जवळ बाळगणे हा गुन्हा आहे. दोन्ही राज्ये आपापल्या अधिकारातच वागतात. मध्ये सापडतो तो प्रवासी.

गंमत अशी की या दुहेरी व्यवस्थेची दोन मुख्य कार्यालये आपल्या ग्वाल्हेरातच आहेत. मोतीमहालात राज्याचे आबकारी आयुक्त बसतात, तर मुरारला केंद्रीय नार्कोटिक्स ब्यूरोचे मुख्यालय आहे. एक कार्यालय भांगेचे परवाने पाहते. दुसऱ्याच्या दप्तरी, शेंड्यांविना असलेल्या पानाला अमली पदार्थ म्हणून स्थानच नाही. मी या दोन्हींवरून टांग्याने, सायकलीने आणि आता मोटारीने किती वेळा गेलो असेन. पण त्यांमधील अंतर मैलांचे नसून व्याख्येचे आहे, हे मला भाच्याच्या प्रकरणापर्यंत ठाऊक नव्हते.

पान आणि शेंडा यांतील हा भेद १९८५ मध्ये कोणी अकस्मात शोधून काढलेला नाही. १८९३ साली इंग्रज सरकारने या विषयावर मॅकवर्थ यंग यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. त्याने १,१९३ साक्षी घेतल्या आणि १८९४ च्या अहवालात संपूर्ण बंदीस विरोध करून परवाना व कर यांची शिफारस केली. भांग, गांजा आणि चरस यांचा त्याने वेगवेगळा विचार केला होता. पुढे १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारातही सुट्या पानांना व्याख्येतून वगळण्यात आले. म्हणजे आपला कायदा रूढीला धरून आहे. तो झाडाचा अवयव पाहतो, त्यातील मादक द्रव्याचे प्रमाण पाहत नाही.

अमेरिकेत याच्या उलट झाले. तेथे २०१८ च्या शेतकी कायद्याने सुक्या वजनाच्या ०.३ टक्क्यापर्यंत डेल्टा-९ टीएचसी असलेले झाड ‘हेम्प’ ठरवून अमली पदार्थांतून वगळले. व्यापाऱ्यांनी त्या आकड्यातून पळवाट काढून डेल्टा-८ सारखे मादक पदार्थ बाजारात आणले. काही राज्यांनी ते बंद केले, काहींनी चालू ठेवले. नोव्हेंबर २०२५ मध्ये तेथील संसदेने व्याख्या पुन्हा आवळली, एकूण टीएचसी मोजण्याचे ठरविले, आणि अंमलासाठी एक वर्षाची मुदत दिली. अवयव मोजा की टक्का, व्याख्येला फट राहतेच. तो टक्का आता आपल्याकडेही शिरला आहे. उत्तराखंडाने २०१८ मध्ये औद्योगिक लागवडीस परवानगी देताना ०.३ टक्क्याचीच मर्यादा घातली. २०२१ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने बियांना खाद्य म्हणून मान्यता दिली, तीही किलोमागे ५ मिलिग्रॅम टीएचसीच्या मर्यादेत.

भाच्याचा अहवाल अखेर आला: पाने आहेत, शेंडे नाहीत. गांजाचा आरोप गळला. दारूबंदी कायद्याखालचा उरला, तो दंडावर मिटला. नोकरीची यादी मात्र तोवर पुढे सरकली होती.

माझी सूचना लहानशी आहे. आबकारी खात्याने भांगेच्या प्रत्येक पुड्यावर ठळक अक्षरांत छापावे की हा परवाना राज्याच्या हद्दीपुरताच आहे. ते हिंदीत असावे आणि, ग्वाल्हेरात तरी, मराठीतही असावे. बहिणीच्या प्रश्नाला मी एवढेच उत्तर देऊ शकलो. तिचे समाधान झाले नाही, माझेही नाही.