बापाने हिशेब पुरा सांगावा
(शाखेच्या सर्वसाधारण सभेतील भाषण)



भुसावळ असो की इटारसी, रेल्वेच्या क्वार्टरमध्ये आणि टपालवाल्यांच्या घरी आज एकच भांडण चालू आहे. मुलगा सभेला निघाला की बाप म्हणतो, "भांडून काय मिळणार? आम्ही करून पाहिलंय." मुलगा म्हणतो, "जुनी पेन्शन घेतल्याशिवाय राहणार नाही." बापाला मुलगा खुळा वाटतो, मुलाला बाप भित्रा.

बाप भित्रा नाही, हे तरुणांनी आधी ध्यानात घ्यावे. ८ मे १९७४ ला चाके थांबली. हजारोंना अटक झाली, हजारोंची नोकरी गेली, बायकामुलांना क्वार्टरबाहेर काढले. २७ मे रोजी संप बिनशर्त मागे घ्यावा लागला. ज्याच्या घरची चूल विझली त्याचा विश्वास उडाला, तर त्याला हसू नका. आज निवृत्तीला टेकलेली आमची पिढी तीच निराशा ऐकत वाढली.

पण ज्येष्ठांनो, आपण हिशेब त्या मे महिन्यातच बंद केला. पुढचे पान उलटा. १९७७ साली सरकार बदलले, मधु दंडवते रेल्वेमंत्री झाले आणि काढलेल्यांना परत कामावर घेतले. बोनस ही संपाची मोठी मागणी होती. तो रेल्वेला १९७९ साली उत्पादकतेशी जोडून मिळाला. दसऱ्याच्या तोंडावर घरात येणारा पैसा त्या हरलेल्या संपाची कमाई आहे.

आता तरुणांना सांगणे. १ जानेवारी २००४ पासून लागलेल्यांची हमीची पेन्शन गेली. वीस वर्षे ओरड केली, तेव्हा १ एप्रिल २०२५ पासून युनिफाइड पेन्शन आली. ती निवडणाऱ्याला २५ वर्षे नोकरीनंतर शेवटच्या १२ महिन्यांच्या सरासरी मूळ पगाराच्या निम्मी रक्कम मिळेल. पण पगारातली १० टक्के कपात कायम आहे. ही जुनी पेन्शन नव्हे. म्हणून उद्याच सगळे मिळेल या आशेवर सभेला येऊ नका. तसे आलात तर चाळिशीत तुम्हीही बापासारखेच बोलाल.

आणि जो बाप महिन्याच्या महिन्याला हमीची पेन्शन घेतो, त्याने मुलाला दारात अडवू नये. पुढच्या सभेला दोघांनी मिळून यावे. बापाने काय गेले ते सांगावे, आणि मागाहून काय आले तेही सांगावे.

कामगार एकजुटीचा विजय असो!